थंड हाताचा भाव

माझ्या नवऱ्याला जगातली कुठलीही गेम शंभर रुपयांत मिळायची. त्यावर आमचं घर चालायचं. मग एका गेमचा त्याला भाव आला चार हजार दोनशे, आणि त्या दिवसापासून मला अन्न गोड लागलं नाही.

तोंडावर मी त्याला अहो म्हणते. इथं तो म्हणणार आहे. राग आलेला असताना अहो लिहिता येत नाही.

आधी धंदा सांगते, नाहीतर घरातलं कळायचं नाही. इचलकरंजीत मलाबादे चौकामागच्या बोळात आमचं दुकान आहे. पाटीवर मोबाईल दुरुस्ती. मी त्रिशला मगदूम, बारावी नापास. नेटवर्कचं जे काही येतं ते फुकटचे व्हिडिओ बघून आणि लोकांचे राउटर उघडून आलेलं. पूर्वी गेम विकणारी मोठी दुकानं देशाप्रमाणे भाव लावायची. तीच गेम, ना डबा ना पिशवी, तारेतून येणारा माल. इथं चार हजार, अर्जेंटिनात सहाशे. कारण काय, तर तिथला माणूस सहाशेच देऊ शकतो आणि इथला चार हजार देतो. मी म्हटलं, मग आपणही अर्जेंटिनाचे. व्हीपीएन लावायला सुरुवात केली. व्हीपीएन म्हणजे तुमचं पत्र आधी गुपचूप दुसऱ्या गावाला न्यायचं आणि तिथल्या पेटीत टाकायचं. ज्याला पोचतं त्याला शिक्का तिथला दिसतो. दोन वर्षं माझं निम्मं गिऱ्हाईक कागदोपत्री ब्यूनस आयर्सला राहत होतं. कुणाला त्यात पाप वाटलं नाही. मला आजही वाटत नाही.

मग दुकानांनी घड्याळ लावलं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. त्यापेक्षा जोरात त्याला कुणी हाकलू शकत नाही. दुकान तुमच्या यंत्राला एक हाक मारायचं आणि ओ यायला किती वेळ लागला ते मोजायचं. शेजारी राहणाऱ्याची ओ लगेच येते. मी अर्जेंटिनात राहतो म्हणणाऱ्याची ओ पंधरा हजार किलोमीटरचा जादा वळसा घालून येत असेल, तर तो तिथं राहत नाही. शिक्का खोटा मारता येतो, अंतर खोटं पाडता येत नाही. एका आठवड्यात माझी साठ खाती बंद पडली.

त्यानंतर जे आलं ते याहून हलकट होतं. दुकानांनी त्याला नाव दिलं ‘न्याय्य भाव’. देशाचा भाव गेला आणि माणसाचा भाव आला. खेळायचं पॅड तुम्ही दोन्ही हातांत धरता. त्याच्या मुठीत नाडी, घाम आणि पकड मोजणाऱ्या चकत्या असतात. खेळाची मजा वाढावी म्हणून बसवल्यात, असं सांगितलं गेलं. पडद्यावरचा कॅमेरा डोळ्याची बाहुली बघतो. एखादी गोष्ट हवीशी वाटली की बाहुली रुंदावते, तळव्याला ओल येते, पकड किंचित घट्ट होते. हे तुम्ही ठरवून करत नाही. तुम्हाला ती हवी आहे हे तुमचं तुम्हाला कळायच्या आत शरीरानं सांगून टाकलेलं असतं. तेव्हा गेमची झलक चाळीस सेकंद दाखवायची, तेवढ्यात माणूस वाचायचा आणि आकडा टाकायचा. ज्याला जास्त हवी त्याला जास्त महाग. पडद्यावर अक्षरं येतात: तुमचा आजचा भाव. सरकारनं तळ ठरवून दिला, शंभर रुपये. वर छत नाही.

लोकांनी हात बर्फात बुडवले, ब्लडप्रेशरच्या गोळ्या खाल्ल्या, डोळ्यांत थेंब घातले. दुकान सगळ्यांना पुरून उरलं. पण एक फट राहिली होती, भेट द्यायची. विकत घेणारा एक आणि खेळणारा दुसरा असला तरी चालायचं, कारण वाढदिवसाचं गिऱ्हाईक त्यांनाही हवं होतं. म्हणजे हवा फक्त असा माणूस, ज्याला काहीच नको आहे. त्यानं घ्यायचं आणि गिऱ्हाइकाला भेट म्हणून पाठवायचं. आमच्या धंद्यात अशा माणसाला थंड हात म्हणतात.

थंड हात मिळणं सोपं नाही. बोळातले एक निवृत्त मास्तर बसवून बघितले. गेममधल्या इतिहासाच्या चुका बघून ते तापायचे, भाव नऊशे. एक किराणावाला बसवला. त्याला काहीही फुकटात पडत असेल तर हवंच असायचं.

मग एक दिवस सुकुमारला बसवलं. सुकुमार माझा नवरा. वीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मग स्वतःचं बिघडलेलं स्वतः ओळखणारे माग आले. कारखान्यानं त्याला एक शाल आणि एक घड्याळ दिलं, आणि घरी पाठवलं. वर्षभर तो दारातल्या कट्ट्यावर नुसता बसून होता. त्याच्या हातात पॅड दिलं. लढाईची गेम दाखवली, मोटारींची दाखवली, कमी कपड्यांतल्या बायांची दाखवली. शंभर. शंभर. शंभर.

कोल्हापूर, सांगली, बेळगावहून गिऱ्हाईक यायला लागलं. मगदूमचा हात म्हणून नाव झालं. मी दिवसभर त्याच्या शेजारी बसून तीनच शब्द बोलायचे. धरा, बघा, दाबा. मिरवायचे मी. आणि आतून जळायचे, तेही लिहिते. चौदा वर्षांच्या संसारात या माणसानं भाजीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हटलेलं नाही. नवीन साडी नेसून समोर उभी राहिले की म्हणायचा, बरी हाय. मी स्वतःची समजूत घालून घेतली होती की काही माणसांच्या आत ती वस्तूच बसवलेली नसते. त्याला कुणाचीच ओढ नाही, मग माझी नाही म्हणून रडायचं कशाला?

असं सगळं बरं चाललेलं असताना एका दुपारी जेवताना तो म्हणाला, “पाच तारखेला मला चार हजार दोनशे लागतील.”

मला वाटलं दवाखाना. काय होतंय विचारलं.

“काय होत न्हाई. दोन दिवे घ्यायचंय. पुढच्या महिन्याचं.”

‘दोन दिवे’ ही गेम. महिन्याच्या भाड्यावर मिळते. तीन महिन्यांपूर्वी जयसिंगपूरच्या एका गिऱ्हाइकासाठी त्यानं ती शंभरात घेतली होती आणि ते गिऱ्हाईक परत आलंच नाही. दुपारी एक ते चार आमचं दुकान बंद असतं, त्या वेळात हा ती खेळायला लागला. मी मागच्या बाजूला दुरुस्तीच्या टेबलावर असायचे. मला वाटायचं डुलक्या काढतोय. दुसऱ्या महिन्याला भाव आला दोनशे, तिसऱ्याला नऊशे. ते कुठून दिले विचारलं तर म्हणाला, कारखान्याचं घड्याळ विकलं. आता चार हजार दोनशे.

मी कोल्हापूरपर्यंत चार ठिकाणी फोन करून विचारलं. त्या गेमचा भाव कुणाला दीडशे आलेला, कुणाला दोनशे. चार हजार ऐकून एकजण हसायलाच लागला.

गेममध्ये काही नाही. खाडीच्या एका काठावर तुमचं दीपगृह, पलीकडच्या काठावर दुसऱ्या कुणाचं तरी. तो दुसरा कोण, कुठला, दुकान सांगत नाही. चेहरा नाही, आवाज नाही. बोलायचं ते दिव्याच्या झपक्यांनी. लांब झपका, आखूड झपका, त्यांची अक्षरं ठरलेली. ‘नमस्कार’ म्हणायला एक मिनिट जातं. माझा नवरा, जो घरात दिवसाला वीस शब्द बोलतो, तो तीन महिने झपके मारत बसला होता.

मी विचारलं, “पलीकडे कोण आहे?”

“म्हाईत न्हाई.”

“बाई आहे?”

त्यानं भाताचा घास तोंडात घातला, चावला, गिळला. “दिवा हाय,” म्हणाला.

कुठल्या बाईला हे उत्तर पुरेल? मला नाही पुरलं. बाईच असणार, असं मी धरूनच चालले. आणि डोळ्यांपुढे आली शैला कवठे. त्याच्या कारखान्यात कापड तपासायला होती. आठ वर्षांपूर्वी फाटकापाशी तिच्याशी बोलताना हा एकदा हसला होता, मी रिक्षातून बघितलं होतं. आठ वर्षं मी ते हसणं जपून ठेवलं होतं. पिशवीत पॅड घालून तिच्या घरी गेले. नवीन गेम दाखवायला आलेय म्हटलं, पॅड तिच्या हातात कोंबलं, ‘दोन दिवे’ची झलक लावली. पलीकडचा दिवा तीच असेल तर भाव उसळणार, लपवता यायचं नाही. चाळीस सेकंद मी पडदा बघत नव्हते, तिच्या हाताकडे बघत होते.

शंभर आले.

शैला काही खुळी नाही. पॅड खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “तुझा नवरा मला फुकट दिलास, वर तेलाचा डबा दिलास, तरी नको गं बाई. जवळ बसला की लाईट गेल्यावाणी वाटायचं.”

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट राग आला. माझ्या नवऱ्याला ही कोण नावं ठेवणारी?

मग मी मला येतं ते केलं. आमच्या घराची, दुकानाची, बोळातल्या चार घरांची लाईन माझ्याच हाताखालून जाते. मधे एक छोटी पेटी बसवली आणि त्याच्या खेळाची नोंद घ्यायला लागले. दिव्याचे झपके दुकान उघड्यावर पाठवायचं, त्यात लपवण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटलं असणार. अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवून मी माझ्या नवऱ्याचं बोलणं वाचायला बसले. ते वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

त्यानं लिहिलं होतं, नवीन मागाला आवाज नाही. दिव्यानं विचारलं, जुन्याचा कसा होता? त्यावर हा वीस मिनिटं लिहीत होता. सुताचा धोटा डावीकडून उजवीकडे जाताना एक आवाज, परत येताना दुसरा. चोवीस माग एकदम चालू असले की त्यातला एक आजारी पडलाय हे छातीत आधी कळतं, कानाला मागाहून. आणि वीज जाऊन सगळे एकदम थांबले की आपण पडतोय असं वाटतं, उभं राहूनसुद्धा. दिवा अधेमधे फक्त एकच शब्द पाठवायचा. मग? मग? आणि हा लिहीत राहायचा.

दुसऱ्या दिवशी दिव्यानं विचारलं होतं, घरी कोण? यानं लिहिलं, बायको. फार हुशार. राउटरच्या आत बघते तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मला हे वाचून आनंद व्हायला हवा होता म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या नवऱ्याचं असं वाचून बघावं. चेहरा माझा, बघणारा माझा, आणि सांगितलं कुणाला? जे मला हवं होतं ते त्यानं दुसरीच्या पदरात टाकलं होतं, आणि तिनं त्यावर उत्तर दिलं होतं, छान. छान म्हणे. मी टेबलावरची सोल्डरिंगची गन उचलली आणि परत ठेवली.

दुकानानं जे माझ्यावर वापरलं तेच मी तिच्यावर वापरायचं ठरवलं. अंतर मोजायचं. अकरा दिवस तिच्या प्रत्येक झपक्याची वेळ टिपली. तिच्या यंत्राची ओ यायची नऊ मिलिसेकंदांत. म्हणजे परदेश नाही, मुंबईच्या आसपास. नाव-पत्ता हातात आल्यासारखं मी मुंबईच्या बायांना शिव्या घातल्या. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी मला खटकायला लागलं. माणसाच्या घरची लाईन थरथरते. पोरगं व्हिडिओ लावतं, शेजारी कुणी तरी सिनेमा उतरवतं, कुठं तरी जोडणी सैल असते. नऊचे अकरा होतात, तेरा होतात, परत नऊ. माझ्या धंद्यात या थरथरीवरून घर ओळखता येतं. ही लाईन थरथरतच नव्हती. अकरा दिवस नऊ म्हणजे नऊ.

मग मी दोन रेघा काढल्या. एक सुकुमारच्या नाडीची, कारण पॅड ती दुकानाला सतत पाठवत असतं. तिच्याखाली दुसरी, पलीकडचा दिवा कधी पेटला त्याची. सुकुमारचं मन उडायला लागलं, नाडी उतरली, पकड सैल झाली की अर्ध्या सेकंदात दिवा पेटायचा. प्रत्येक वेळी. तो रंगात येऊन लिहीत असला की दिवा गप्प. त्याला दाटून आलं की दिवा जरा जास्त वेळ गप्प. मुंबईत बसलेल्या कुठल्याही बाईला माझ्या नवऱ्याची नाडी दिसत नाही. दुकानाला दिसते.

पलीकडे कुणी नव्हतं. थंड हातांमुळे धंदा बुडतोय हे दुकानाच्या लक्षात आलं होतं. थंड हात पकडण्यापेक्षा त्यांनी तो तापवायचं ठरवलं. प्रत्येकाला काही तरी हवं असतंच, ते सापडेपर्यंत हजार गोष्टी समोर धरायच्या. कुणाला आणखी काही धरलं असेल. माझ्या नवऱ्याला धरला एक दिवा, जो ऐकून घेतो.

मी आधी हसले. टेबलावर डोकं टेकून हसले. मग वाटलं, बाई असती तर बरं झालं असतं. बाईच्या झिंज्या धरता येतात. माझ्यापेक्षा गोरी आहे, तरुण आहे, चवचाल आहे, काही तरी म्हणता येतं. या दिव्याला काय म्हणू? ज्या माणसाच्या आत ती वस्तूच नाही असं मी चौदा वर्षं धरून चालले होते, ती यानं बारा आठवड्यांत शोधून काढली. आणि त्याला भाव लावला.

त्याला लगेच सांगून टाकायला हवं होतं. सांगितलं नाही. मला आधी त्या यंत्राला हरवायचं होतं, माझ्या झपक्यांनी आकडा त्याच्याही वर चढवून.

चार तारीख, दुपार. शटर अर्धं खाली. सुकुमार बाहेरच्या खोलीत पडद्यासमोर, मी प्लायवूडच्या पार्टिशनमागे. माझ्या पेटीतून मी दुकानाचा दिवा अडवला आणि त्या जागी माझा लावला. पलीकडच्या काठावर आता मी होते. पडद्याच्या कोपऱ्यात पुढच्या महिन्याचा भाव दिसत असतो आणि मिनिटामिनिटाला हलत असतो, तोही माझ्या स्क्रीनवर येत होता. चार हजार दोनशे.

त्यानं झपके मारले: आज जरा उशीर झाला.

मी लगेच लिहिलं: जेवलात का?

आकडा हलला. तीन हजार शंभर.

काही तरी चुकलं होतं, पण काय? सुधारायला म्हणून लिहिलं, तब्येत बरी आहे ना? एकोणीसशे. मग मी लाजलज्जा सोडली. अक्षर अक्षर मोजत लिहिलं, तुमची फार आठवण आली. एक अक्षर चुकलं, परत लिहिलं. चौदा वर्षांत मी हे त्याला म्हटलं नव्हतं. आकडा सातशेवर आला. मी पुढे आणखी लिहीत राहिले, मला आता आठवत नाही काय काय. तिकडून उत्तर येत नव्हतं. पाचशे, तीनशे. मग शंभर, आणि तिथंच थांबला.

पॅड टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तो पार्टिशनच्या कडेला येऊन उभा राहिला. माझ्या हातातला छोटा कीबोर्ड बघितला, पेटी बघितली.

“दिवा तू लावतीस व्हय?”

मी विचारलं, कसं कळलं?

“त्यानं कधी जेवलात का म्हणून विचारलं न्हाई.”

ओरडला असता तर मीही ओरडले असते. तो नुसता उभा होता. मग मला जो राग तीन आठवडे साठला होता तो सगळा बाहेर आला. म्हटलं, माहीत आहे कोण आहे तो तुमचा दिवा? दुकान आहे. यंत्र आहे. माणूस नाही, बाई नाही, कुणी नाही. तुम्ही कंटाळलात की पेटतो, तुम्हाला भरून आलं की विझतो, तुमचं घड्याळ विकायला लावलं त्यानं. दोन रेघा त्याच्या तोंडासमोर धरल्या.

त्यानं कागद घेतला. खुर्चीवर बसला. नाडीच्या रेघेवर एक बोट, दिव्याच्या रेघेवर दुसरं, आणि दोन्ही बोटं हळूहळू उजवीकडे नेत गेला. बराच वेळ. मला वाटलं आता हा मोडणार, आणि मी त्याला धरणार, आणि मग सगळं ठीक होणार.

“नाडी पडली की उचलतोय,” तो म्हणाला.

“हो.”

“झोल न्हाई कुठं.” बोट परत मागे नेलं, एक जागा पुन्हा बघितली. “बेस बसवलंय.”

जॉबर होता ना तो. दुसऱ्या कुणाच्या हातचं चांगलं काम बघितलं की हे असं बोलायचे ते लोक. नजर माझ्या स्क्रीनवर गेली. कोपऱ्यात आकडा अजून तसाच होता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवून नाही, पण माझंच तोंड, दुसऱ्या कुणाचं नाही.

“अहो, मग आत्ता दाबा. शंभर आहे. चढायच्या आत दाबा.”

त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी हे वाक्य परत गिळायला काय वाटेल ते दिलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी सुटले असते. तिथं राग नव्हता. हे असंच होणार हे त्याला आधीपासून माहीत होतं, असा तो चेहरा होता.

“तुझी पेटी काढ,” तो म्हणाला.

“कशाला?”

“काढ.”

मी वायर उपटली. तो उठून बाहेर गेला, पॅड उचललं. मी पार्टिशनच्या कडेतून बघत होते. खाडी काळी होती. मग पलीकडे दिवा पेटला. खरा, म्हणजे खोटा. एव्हाना मला झपके तक्त्याशिवाय वाचता यायचे. दिव्यानं विचारलं, काय झालं?

आता तरी शंभरावरच राहील, असं मला वाटलं होतं. त्याला माहीत होतं सगळं. रेघेवर बोट ठेवून बघितलं होतं त्यानं. पण कोपऱ्यातला आकडा हलायला लागला. सहाशे. चौदाशे. तीन हजार. माझ्या नवऱ्याला पलीकडे कुणी नाही हे ठाऊक होतं आणि तरी त्याचा तळवा ओला होत होता. मी बाहेर गेले, म्हटलं, यंत्र आहे ते.

“व्हय. वीस वर्षं यंत्रालाच कान लावलाय मी.”

चार हजार दोनशे ओलांडले. पाच हजार. म्हटलं, निदान आज नको, उद्या सकाळी शांत डोक्यानं बघू, भाव उतरेल. तो थांबला होता खरा, पण माझ्यासाठी नाही. आकडा वर चढून थांबायची वाट बघत होता. पाच हजार आठशेवर आकडा थांबला.

“आपल्या दुकानाच्या खात्यातनं घेतोय,” तो म्हणाला. “माझ्या हाताचे हायत.”

आणि दाबलं.

आमच्या दुकानात पूर्ण भावानं घेतलेली ती पहिली वस्तू. मागून किती नुकसान झालं ते सांगत बसत नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याचा हात कुठल्याच गेमला शंभरापर्यंत उतरला नाही, बेळगावचं गिऱ्हाईक तुटलं, एवढं पुरे. त्या दुपारी माझं लक्ष पैशात नव्हतं, आणि ते आता कुणाला पटायचं नाही.

मी आत जायला वळले तर मागे पॅडची बटणं वाजायला लागली. आखूड, लांब, आखूड. तो लिहीत होता. मला वाचायचं नव्हतं, पण पडद्याच्या काचेवर त्याचे झपके उजळत होते आणि मला आता ते न वाचणं जमत नव्हतं.

बायकोला कळलं.

दिवा: मग?

मग एकेक अक्षर, सावकाश.

तिनं भाव बघितला.

पलीकडचा दिवा विझलेलाच राहिला. आत्ता त्याच्या छातीत काय चाललं होतं ते त्या दिव्याला आकड्यांत दिसत होतं. मी चार हातांवर उभी होते आणि मला दिसत होती फक्त त्याची पाठ. मग दिवा पेटला, आणि विचारलं, तुम्हाला काय वाटलं?

मी गेले आणि त्याच्या आणि पडद्याच्या मधे उभी राहिले. पाठीला काचेची ऊब लागत होती. मी त्याच्या हाताकडे बघितलं नाही, तोंडाकडे बघितलं. यंत्राचा प्रश्न चोरायला मला लाज वाटली नाही. लोकांचा माल कमी भावात उचलण्यातच माझा जन्म गेलाय.

“तुम्हाला काय वाटलं?” मी विचारलं.

त्याचे डोळे माझ्यावर आले. ओठ हलल्यासारखे झाले. माझ्या पाठीमागे दिवा परत एकदा लुकलुकला असणार, कारण त्याच्या बुबुळात एक ठिपका पेटला आणि विझला.

“सरक,” तो म्हणाला. “दिवा दिसंना.”

मी सरकले नाही.